रिपोर्टचं दुसरं पान : ईआर, पीआर, हर-टू आणि पेशींची वाढ

मागच्या अंकात स्तनातल्या गाठीची बायोप्सी कशी करतात त्यावर लिहिलं होतं. त्यानंतर जी पत्रं आणि मेल आले त्यातल्या बऱ्याच जणांनी थेट रिपोर्टचा फोटोच पाठवलाय, आणि प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, की पहिल्या पानावर कॅन्सर आहे असं लिहिलंय ते कळलं, पण दुसऱ्या पानावर ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७ असं जे काय लिहिलंय ते कशाचं, आणि डॉक्टर नेमके त्याच पानावर एवढा वेळ का थांबतात. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्या दुसऱ्या पानालाच. नावं कोणाचीच छापत नाहीये, फक्त गावं.

प्रश्न : मॅडम, माझ्या मोठ्या बहिणीचं वय ५२, नुकतंच डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह ८/८, पीआर पॉझिटिव्ह ६/८, हर-टू १+ आणि केआय-६७ १८ टक्के असं आहे. दोन-दोन पॉझिटिव्ह बघून घरात सगळे हबकलेत, ताईला अजून रिपोर्ट दाखवलेलाच नाही. खूप वाईट आहे का हे? (बारामती)

उत्तर : आधी ताईंना रिपोर्ट दाखवा. दुखणं त्यांचं आहे, औषधं त्यांनाच घ्यायचीत, आणि या पानात लपवण्यासारखं काही नाहीये, उलट धीर देण्यासारखं आहे. कोविडपासून पॉझिटिव्ह म्हटलं की पोटात गोळा येतो ते मी समजू शकते, पण इथे ईआर पॉझिटिव्ह म्हणजे एवढंच की त्या गाठीतल्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारा रिसेप्टर सापडला. म्हणजे ती गाठ वाढण्यासाठी इस्ट्रोजेनवर अवलंबून आहे, आणि अवलंबून आहे म्हणूनच ते इस्ट्रोजेन अडवलं की तिची वाढ रोखता येते, तेही गोळीने.

८/८ म्हणजे काय ते सांगते. गाठीचा केसाहून पातळ काप काचेवर घेतात आणि त्यावर अशी एक अँटीबॉडी टाकतात जी फक्त ईआरलाच चिकटते. जिथे ती चिकटली तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकी सगळं फिकट निळं राहतं. मग मायक्रोस्कोपखाली मी बघते की किती पेशींचे मधले ठिपके, म्हणजे न्यूक्लियस, तपकिरी झालेत, त्याचे ० ते ५ मार्क, आणि रंग किती गडद आहे त्याचे ० ते ३. ताईंना ५ अधिक ३ मिळालेत, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त पेशी गडद तपकिरी. आठात आठ हा या बाबतीत सगळ्यात चांगला निकाल आहे. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर, आणि गंमत अशी की पेशी तो बनवते मुख्यतः ईआरच्या सांगण्यावरून, त्यामुळे पीआर असला की कळतं की ईआर नुसता हजर नाही तर कामही करतोय. हर-टू हा पेशीच्या पडद्यावरचा आणखी एक रिसेप्टर, त्याचा १+ पॉझिटिव्हमध्ये धरत नाहीत. आणि केआय-६७ हे एक प्रोटीन आहे, पेशी विभाजनाच्या चक्रात असली की ते दिसतं, चक्राबाहेर आराम करत असली की दिसत नाही, तर १८ टक्के म्हणजे शंभरातल्या १८ पेशी त्या क्षणाला कामाला लागलेल्या होत्या आणि बाकीच्या नव्हत्या. फार कमीही नाही, फार जास्तही नाही. आता गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेतल्या गाठी बघून डॉक्टर केमोची गरज आहे का ते ठरवतील, पण हार्मोन अडवणारी गोळी ताईंना मिळणार हे जवळजवळ नक्की.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. आम्हाला मायटॉसिस शिकवलं, प्रोफेज मेटाफेज सगळं पाठ आहे, पण पेशीला विभागायचं कधी हे सांगतं कोण ते कुठेच नीट आलं नाही. आणि हार्मोन आणि ग्रोथ फॅक्टर एकच का? (लातूर)

उत्तर : फार छान विचारलंस, याच प्रश्नाने मलाही या विषयात ओढलं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या शरीरातली पेशी सहसा स्वतःच्या मर्जीने एकीच्या दोन होत नाही. तिला बाहेरून सांगावं लागतं. सांगणारं कोणी नसेल तर ती जी-झिरो नावाच्या अवस्थेत शांत बसते, स्वतःचं रोजचं काम करते पण विभागत नाही, आणि बाहेरून निरोप आला की जी-वन मध्ये, म्हणजे विभाजनाच्या तयारीच्या पहिल्या टप्प्यात, शिरते. हे निरोप दोन प्रकारचे. एक ग्रोथ फॅक्टर, हे छोटे प्रोटीन असतात आणि सहसा शेजारच्याच पेशींनी सोडलेले असतात, लांब जात नाहीत. दुसरे हार्मोन, जे लांबच्या ग्रंथीतून रक्तातून येतात, जसं अंडाशयातून इस्ट्रोजेन. ही विभागणी काही दगडावरची रेघ नाही, इन्सुलिन हे हार्मोनच आहे पण त्याचा रिसेप्टर ग्रोथ फॅक्टरवाल्यांच्या घराण्यातला आहे.

ग्रोथ फॅक्टर सापडले त्याची गोष्ट मला अतिशय आवडते. रिटा लेव्ही-मोंटालचिनी ही इटलीतली ज्यू डॉक्टर, मुसोलिनीच्या काळात तिला विद्यापीठातून बाहेर काढलं तर तिने घरी बेडरूममध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर प्रयोग चालू ठेवले. युद्धानंतर ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली आणि तिथे स्टॅन्ली कोहेनबरोबर नसांच्या पेशींना वाढवणाऱ्या पदार्थाच्या मागे लागली. कोहेन उंदरांच्या लाळग्रंथीचा अर्क उंदराच्या पिल्लांना टोचत होता, आणि त्याने बघितलं की पिल्लांचे डोळे सातव्या दिवशीच उघडतायत, जे एरवी बारा ते चौदा दिवसांनी उघडतात, दातही लवकर येतायत. नसांच्या कामाशी याचा काही संबंध नव्हता, दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं, पण तो त्याच्याच मागे लागला आणि त्यातून एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ, सापडला, फक्त ५३ अमिनो आम्लांची साखळी. १९८६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आता ईजीएफ पेशीपर्यंत आला की काय होतं ते बघ. तो प्रोटीन आहे, पेशीच्या बाहेरच्या स्निग्ध पडद्यातून आत जाऊच शकत नाही. म्हणून त्याचा रिसेप्टर पडद्यात आरपार बसलेला असतो, अर्धा बाहेर अर्धा आत. बाहेर ईजीएफ चिकटला की शेजारशेजारचे दोन रिसेप्टर जोडी करतात, जोडी झाली की आतल्या शेपट्या एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात, त्या फॉस्फेटवर आतली प्रोटीन येऊन बसतात, ती रास नावाच्या प्रोटीनला चालू करतात, रास राफला, राफ मेकला, मेक ईआरकेला (हा रिपोर्टमधला ईआर नव्हे), आणि ईआरके थेट न्यूक्लियसमध्ये जाऊन जीन चालू करतो. ही साखळी पाठ करताना कंटाळा येतो पण एक लक्षात ठेव, यातली प्रत्येक कडी बंदही होते, रासला स्वतःला बंद करायची सोय त्याच्यातच आहे. बऱ्याच कॅन्सरमध्ये बिघडतं ते नेमकं हे बंद होणं.

इस्ट्रोजेनचा रस्ता वेगळा. ते स्टेरॉइड आहे, स्निग्धात विरघळतं, त्यामुळे पडदा ओलांडून सरळ आत जातं. त्याचा रिसेप्टर आत, न्यूक्लियसमध्येच असतो. इस्ट्रोजेन बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, दोन रिसेप्टर जोडी करून डीएनएवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात आणि मदतनीस प्रोटीनांना बोलावून जीन चालू करतात. हे रिसेप्टर आहेत हे दाखवलं शिकागो विद्यापीठातल्या एल्वुड जेन्सनने, १९५८ च्या सुमारास. त्याने इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजन जोडला आणि लहान वयाच्या मादी उंदरांना दिलं, तर बाकीच्या अवयवांतून ते निघून गेलं पण गर्भाशयाने धरून ठेवलं, तेही जसंच्या तसं, काही न बदलता. म्हणजे तिथे त्याला धरणारं काहीतरी होतं.

दोन्ही रस्ते शेवटी जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, सायक्लिन डी नावाच्या प्रोटीनपाशी. ते वाढलं की सीडीके-४ आणि सीडीके-६ ही एन्झाइम जागी होतात, ती आरबी नावाच्या प्रोटीनवर फॉस्फेट लावतात, आरबीने तोपर्यंत ई-टू-एफ नावाच्या, जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला धरून ठेवलेलं असतं, ते सुटतं आणि डीएनएची नक्कल करायला लागणारी सगळी सामग्री तयार व्हायला लागते. इथे एक टप्पा आहे, त्याला रिस्ट्रिक्शन पॉइंट म्हणतात, आर्थर पार्डीने १९७४ मध्ये दाखवला. त्याच्या आधी ग्रोथ फॅक्टर काढून घेतले तर पेशी मागे फिरते, त्याच्यानंतर काढले तरी फरक पडत नाही, ती विभाजन पूर्ण करूनच थांबते. तुझे ते प्रोफेज मेटाफेज याच्या कितीतरी तासांनंतर येतात, निर्णय आधीच झालेला असतो.

एक शेवटची गोष्ट, जी पुस्तकात फारशी येत नाही. निरोगी स्तनात ज्या पेशींमध्ये ईआर असतो त्या स्वतः सहसा विभागतच नाहीत! त्या इस्ट्रोजेन ओळखतात आणि अँफिरेग्युलिन नावाचा, ईजीएफच्याच घराण्यातला ग्रोथ फॅक्टर सोडतात, आणि विभागतात त्या शेजारच्या, ईआर नसलेल्या पेशी. म्हणजे हार्मोनचा निरोप ग्रोथ फॅक्टरच्या हातून पोचतो. कॅन्सरमध्ये मात्र ही वाटणी मोडते, ईआर असलेली पेशी स्वतःच इस्ट्रोजेनवर विभागायला लागते. मला विचारशील तर या आजाराची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, वाढीचा निरोप नवीन नाही, तो दर महिन्याला प्रत्येक बाईच्या शरीरात येतोच, तो ऐकून जी पेशी विभागते ती बदलली.

प्रश्न : मिसेसचा हर-टू २+ आलाय, पुढे इक्विव्होकल लिहिलंय आणि फिश टेस्ट करा असं म्हणतात. आधीच खूप खर्च झालाय. नाही केली तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : नाही चालणार दादा, ही टेस्ट टाळू नका, बाकी कुठे काटकसर करता येत असेल तर करा पण इथे नको.

हर-टू हा ईजीएफ रिसेप्टरचाच भाऊ, पण त्याला स्वतःचा असा कुठलाच ग्रोथ फॅक्टर लागत नाही, तो कायम जोडी करायला तयार अवस्थेतच असतो. नॉर्मल पेशीवर तो हजारोंच्या घरात असतो त्यामुळे बेताने काम होतं. पण काही गाठींमध्ये १७ नंबरच्या क्रोमोसोमवरचं त्याचं जीन पुन्हा पुन्हा कॉपी होत जातं आणि एका पेशीवर वीस लाखांपर्यंत रिसेप्टर होऊ शकतात. मग इतकी दाटी होते की ते आपापसातच जोड्या करतात आणि बाहेरून काही निरोप नसताना आतली साखळी चालू राहते. शेतातल्या मोटरला ऑटो लावून ठेवला की लाइट आली की मोटर आपली चालू, विहिरीवर कोणी असो नसो, रानाला पाणी हवं असो नसो, तसं होतं ते.

साधारण १५ ते २० टक्के स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे असतं. ३+ म्हणजे पेशीभोवती सलग, जाड तपकिरी रेघ, तिथे शंका नसते. ० आणि १+ म्हणजे नाही. २+ म्हणजे रेघ आहे पण पुसट आहे आणि माझ्या डोळ्याने मी खात्रीने सांगू शकत नाही. अशा वेळी जीनच मोजायचं. फिशमध्ये अंधाऱ्या खोलीत वेगळ्या प्रकाशाखाली बघतात, हर-टूचं जीन लाल ठिपका, १७ नंबरच्या क्रोमोसोमचा मधला भाग हिरवा ठिपका. एकेक पेशी घेऊन लाल किती हिरवे किती मोजायचं, किमान वीस पेशी, आणि लाल हिरव्याच्या दुप्पट किंवा जास्त निघाले, आणि पेशीमागे लाल सरासरी चार किंवा जास्त असले, की पॉझिटिव्ह.

हे इतकं महत्त्वाचं का, कारण पॉझिटिव्ह निघाली तर ट्रास्टुझुमॅब देता येतं आणि निगेटिव्ह निघाली तर ते देऊन उपयोग नाही. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्यात हे जीन वाढलेलं असतं त्यांचा आजार लवकर उलटतो, तेव्हा ही सगळ्यात वाईट बातमी समजली जायची. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला परवानगी मिळाली, बाहेरच्या बाजूने हर-टूला जाऊन चिकटणारी अँटीबॉडी, आणि त्याच रुग्णांचं चित्र पार बदललं. भारतात २०१४ पासून इथेच बनवलेलं बायोसिमिलर, म्हणजे त्याच औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, मिळतंय त्यामुळे किंमत बरीच खाली आलीय. कोर्स सहसा एक वर्षाचा, आणि त्यात हृदयावर ताण येऊ शकतो म्हणून सुरू करण्याआधी आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी टूडी एको करतात, ते चुकवू नका. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या हॉस्पिटलमध्ये यातलं काय काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला आत्ताच विचारून ठेवा, औषध सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी कागद तयार असलेले बरे.

प्रश्न : वय ४४. दोन वर्षांपासून टॅमॉक्सिफेन चालू आहे. एकदम अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, चिडचिड होते. सगळे स्कॅन क्लिअर आहेत. जाऊबाई म्हणतात आता काही नाही तर गोळी कशाला, बंद कर. काय करू? (सोलापूर)

उत्तर : ताई, बंद करू नका. त्रास खरा आहे, तो तुम्ही सहन करत बसावं असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण उपाय त्रासावर करायचा, गोळी सोडायची नाही.

स्कॅन क्लिअर म्हणजे दिसण्याइतकं काही नाही. ईआर पॉझिटिव्ह आजाराच्या काही पेशी हाडात वगैरे कुठेतरी वर्षानुवर्षं शांत बसून राहू शकतात, स्कॅनला दिसणारच नाहीत एवढ्या थोड्या, आणि त्यांच्यातला ईआर शाबूत असतो. हा आजार पाच वर्षांनंतर, दहा वर्षांनंतर, अगदी वीस वर्षांपर्यंतही उलटलेला बघितलाय. तुमच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन अजून येतंय, टॅमॉक्सिफेन त्याला अडवत नाही, ते काय करतं की रिसेप्टरमधल्या इस्ट्रोजेनच्या जागेवर स्वतः जाऊन बसतं. बसल्यावर रिसेप्टरचा एक भाग असा वळतो की मदतनीस प्रोटीनांना चिकटायला जागाच राहत नाही, आणि पुढचं सगळं थांबतं. गोळी सोडली की ही जागा रिकामी झाली.

याचे आकडे खूप भक्कम आहेत. हजारो बायकांच्या अनेक चाचण्या एकत्र करून बघितल्यात, पाच वर्षं गोळी घेतली तर त्या पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्मं होतं, आणि पंधरा वर्षांपर्यंतचा हिशोब केला तर या आजाराने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी. म्हणजे गोळी बंद केल्यावरही फायदा टिकतो. ज्यांचा ईआर निगेटिव्ह त्यांना यातलं काहीच मिळत नाही, त्यावरूनच कळतं की गोळी नेमकी त्या रिसेप्टरवरच काम करते.

या गोळीचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने लिहिलं की स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बाईचं अंडाशय काढलं तर गाठी विरघळल्या. हार्मोन हा शब्द यायला अजून नऊ वर्षं होती! त्याला ही कल्पना कुठून आली तर काही देशांतले शेतकरी गायीने जास्त दिवस दूध द्यावं म्हणून तिचं अंडाशय काढतात हे त्याच्या वाचनात आलं होतं, त्यावरून त्याने ताडलं की अंडाशयाचा आणि स्तनाचा काहीतरी संबंध आहे. आणि टॅमॉक्सिफेन बनवलं १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या डोरा रिचर्डसन या केमिस्टने, तेव्हा कंपनीला संततिनियमनाची गोळी हवी होती. उंदरात चालली, बायकांमध्ये उलटंच झालं, बीजांड सुटायला मदत व्हायला लागली, म्हणजे त्या कामाला ती बादच. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये तिला स्तनाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली आणि आज ती आपल्याकडे सगळ्यात स्वस्त कॅन्सरच्या गोळ्यांपैकी एक आहे.

आता त्रासाचं. वाफांसाठी औषधं आहेत, डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. पण एक लक्षात ठेवा, चिडचिड किंवा वाफांसाठी दुसऱ्या कोणी फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन लिहून दिलं तर तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण लिव्हरमधलं जे एन्झाइम टॅमॉक्सिफेनचं जास्त ताकदीच्या रूपात रूपांतर करतं तेच या गोळ्या अडवतात. दुसऱ्या चालतात, त्यातली निवडता येते. गर्भाशयात मात्र टॅमॉक्सिफेन उलट थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतं, कारण तिथले मदतनीस प्रोटीन वेगळे, त्यामुळे आतल्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, तो जास्त करून पन्नाशीनंतर. पाळी सोडून मध्येच रक्त गेलं तर वाट बघू नका. एका पायाला अचानक सूज, दुखणं किंवा दम लागणं म्हणजे गुठळी असू शकते, लगेच हॉस्पिटल. आणि गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. पाच वर्षं झाल्यावर दहापर्यंत न्यायची का ते तेव्हा बोला, काहींना न्यायला सांगतात.

जाऊबाईंनाही हे वाचायला द्या, त्या काळजीनेच म्हणतायत.

प्रश्न : आमच्याकडे सोयाबीन पिकतं, घरात सोयाचे पदार्थ असतात. आईचा ईआर पॉझिटिव्ह आहे. कोणी म्हणतं सोयात इस्ट्रोजेन असतं, बंद करा. कोणी म्हणतं म्हशीला इंजेक्शन देऊन दूध काढतात ते हार्मोन पोटात जातं, दूधही बंद करा. मग आईने खायचं काय? (परभणी)

उत्तर : आईला जेवू द्या. सोयाबीनमध्ये जे असतं ते आयसोफ्लेवोन, इस्ट्रोजेनसारखा थोडा आकार असलेला पदार्थ, रिसेप्टरला चिकटतो पण खूप कमी ताकदीने, आणि जास्त चिकटतो तो बीटा नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरला, गाठ वाढवणाऱ्या अल्फाला नाही. शांघायमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या पाच हजार बायकांवर अभ्यास झाला, २००९ मध्ये आला, त्यात सोया जास्त खाणाऱ्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण जास्त नव्हे तर कमी निघालं, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्येसुद्धा. वड्या, पीठ, दाणे, जेवणातल्या प्रमाणात बिनधास्त. रिफाइंड तेलात तर आयसोफ्लेवोन जवळपास नसतंच, ते पेंडीत राहतं. नाही म्हणेन ते सोयाच्या कॅप्सूल आणि पावडरी यांना, त्यात जेवणाच्या कितीतरी पट गोळा केलेलं असतं.

म्हशीला देतात ते ऑक्सिटोसिन. दुभत्या जनावराला असं इंजेक्शन देणं गुन्हा आहे आणि जनावराचे फार हाल होतात, ते थांबलंच पाहिजे. पण आईच्या कॅन्सरचा त्याच्याशी संबंध नाही. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांचा तुकडा, पोटात गेलं की पचून जातं, इन्सुलिन जसं गोळीने देता येत नाही, टोचावंच लागतं, तेच कारण. आणि ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला बसतही नाही.

खाण्यातलं काही खरंच बघायचं असेल तर वजन बघा. पाळी गेल्यावर अंडाशय थांबतं पण शरीरातली चरबी ॲरोमाटेज या एन्झाइमने इस्ट्रोजेन बनवत राहते, चरबी जास्त तर इस्ट्रोजेन जास्त. आईला लेट्रोझोल चालू असेल तर ती गोळी हेच एन्झाइम अडवते. त्याने हाडं ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचं विचारा. दूध त्यासाठी चांगलंच आहे.

प्रश्न : बहीण ३६ वर्षांची, रिपोर्ट ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह. गुगल केलं तर सगळं भयानकच वाचायला मिळतं. हा रिपोर्ट चुकू शकतो का? (कोल्हापूर)

उत्तर : चुकू शकतो, आणि कसा चुकतो ते प्रत्येक घराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे छोट्या गावात ऑपरेशन होतं, गाठ एका डबीत घालून नातेवाइकाच्या हातात देतात आणि सांगतात हे शहरातल्या लॅबला पोचवा. डबी पिशवीत, पिशवी एसटीत, मध्ये रविवार येतो. गाठ शरीराबाहेर आली की तिच्यातले प्रोटीन सडायला लागतात, ईआर त्यातलाच. तासाच्या आत ती दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडली पाहिजे, नुसत्या सलाइनमध्ये किंवा कापसात गुंडाळून नाही, फॉर्मॅलिन गाठीच्या कितीतरी पट पाहिजे, मोठी गाठ असेल तर तिला चिरा दिलेल्या हव्यात म्हणजे ते आतपर्यंत जाईल, आणि सहा ते बहात्तर तास एवढंच त्यात राहायला हवी. यात गडबड झाली की असलेला ईआर दिसत नाही, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि ती बाई स्वस्त, चांगल्या गोळीला मुकते. म्हणूनच ऑपरेशनआधीच्या सुईच्या बायोप्सीवर या टेस्ट करणं मला जास्त पटतं, तुकडे बारीक असतात, फॉर्मॅलिन लगेच आत जातं.

तपासायला सोपी खूण आहे. त्याच कापात शेजारी बहिणीच्या निरोगी दुधाच्या नळ्या असतील तर त्यांच्यातल्या काही पेशी तपकिरी दिसल्याच पाहिजेत. त्याही कोऱ्या असतील तर दोष गाठीचा नाही, टेस्टचा. रिपोर्टमध्ये इंटर्नल कंट्रोल पॉझिटिव्ह असं लिहिलंय का बघा. नसेल तर लॅबमधून गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, रीतसर अर्ज केला की देतात, आणि मोठ्या कॅन्सर सेंटरला पुन्हा बघायला द्या, ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, नवी बायोप्सी लागत नाही. फक्त यात आठवडे घालवू नका.

खरंच ट्रिपल निगेटिव्ह असेल तर, हे प्रमाण पाश्चात्त्य देशांत १० ते १५ टक्के धरतात आणि भारतातल्या बऱ्याच अभ्यासांत त्याहून पुष्कळ जास्त निघालंय, तरुण बायकांमध्ये विशेष. हार्मोन अडवणारी गोळी आणि ट्रास्टुझुमॅब चालत नाही कारण त्यांनी जिथे बसायचं ती जागाच नाही. पण या पेशी भराभर विभागतात त्यामुळे केमोला चांगला प्रतिसाद देतात, बऱ्याचदा केमो आधी आणि ऑपरेशन नंतर करतात, आणि काहींची ऑपरेशनच्या वेळेपर्यंत गाठ पूर्ण गेलेली असते, त्यांचं पुढे चांगलं जातं. जोडीला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध, आलीय पण ती महाग आहे. बीआरसीए, म्हणजे वारशाने येऊ शकणाऱ्या जीनमधल्या दोषाची टेस्ट, मात्र बहिणीची नक्की करा, त्यावरून तिचं औषधही ठरू शकतं आणि तुम्हा बाकीच्या भावंडांनाही आपली टेस्ट करायला हवी का ते कळेल.

प्रश्न : आईचा आजार हाडात पसरलाय तरी डॉक्टर केमो न देता लेट्रोझोल आणि पॅलबोसिक्लिब देतायत. आम्हाला वाटतंय हातपाय गाळले की काय त्यांनी. (ठाणे)

उत्तर : नाही हो, उलट आहे. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आजार पसरला आणि लिव्हर-फुप्फुसाचं काम अडलेलं नसेल तर पहिला उपचार हाच करतात. वर लातूरच्या विद्यार्थ्याला सीडीके-४ आणि ६ बद्दल लिहिलंय ते वाचा, पॅलबोसिक्लिब नेमकं तेच अडवतं. लेट्रोझोलने इस्ट्रोजेन कमी होतं आणि तरीही एखादी पेशी पुढे जाऊ पाहत असेल तर ती जी-वन मध्येच अडते. २०१५ मध्ये हे औषध अमेरिकेत आलं, नंतर आपल्याकडे आलं तेव्हा फार थोड्यांना परवडायचं, २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांची जेनेरिक आली आणि किंमत खूप उतरली, त्यामुळे केमिस्टकडे दोन-तीन कंपन्यांचे दर विचारा.

२१ दिवस घ्यायचं, ७ दिवस थांबायचं. हाडाच्या मगजातल्या पेशींनाही तीच एन्झाइम लागतात म्हणून पांढऱ्या पेशी कमी होतात, तेवढ्यासाठीच मधले ७ दिवस. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी सीबीसी करतात, ती तारीख पाळा, आणि ताप १०० च्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री असला तरी डॉक्टरांना फोन करा.